गोळ्या, सुई, तांबी, निरोध : निवडीपासून वापरापर्यंत कुठे चुकतं

"ताई, गोळ्या चालू असताना दिवस गेले."

हे वाक्य मी सोलापुरात इतक्या वेळा ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पाकीट दाखवा. पाकिटातल्या गोळ्या मधूनमधून गेलेल्या असतात. मालक (नवरा) लूमवर रात्रपाळीला असले की त्या रात्री गोळी नाही, घरी असले की गोळी. बाईने मनापासून सगळं सांभाळलेलं असतं, पण गोळी रोज घ्यायची असते हे तिला कुणी बसवून सांगितलेलं नसतं. विडी घरकुलातली विडी वळणारी बाई असो, एमआयडीसीत टॉवेल शिवणारी असो की जुळे सोलापुरातली शिक्षिका असो, चुका जवळपास त्याच होतात आणि त्याच ठिकाणी होतात. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. टप्पे उलटसुलट करू नका. बहुतेकजणी थेट साधनापासून सुरुवात करतात आणि आधीचे तीन टप्पे राहूनच जातात.

टप्पा १ : घरी बसून पाच गोष्टी लिहून काढा

दवाखान्यात गेल्यावर आठवत नाही, गर्दीत सांगायला लाज वाटते. म्हणून आधी घरीच एका कागदावर लिहा.

१. पुढचं मूल कधी हवंय? वर्षभरात, तीन-चार वर्षांनी, की आता बास? याचं उत्तर नसेल तर कुठलंच साधन नीट निवडता येत नाही.

२. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? "मागच्या महिन्यात, गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास" हे चालत नाही, तारीख हवी. घरात कालनिर्णय असतं, त्यावर दुधाच्या खाड्यांशेजारी खूण करायची सवय लावा.

३. बाळ किती महिन्यांचं आहे, आणि फक्त अंगावर पितं की वरचं दूध, पाणी, पेजही चालू आहे?

४. आजार आणि औषधं. रक्तदाब, साखर, अर्धशिशी, कावीळ होऊन गेली का, फिट येतात का, टीबीचं औषध चालू आहे का. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून सोबत न्या. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या (कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन) गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. टीबीचं औषध चालू असताना माला-एन (रोजची गर्भनिरोधक गोळी) घेऊन दिवस राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन्ही औषधं वेगवेगळ्या खिडकीवरून मिळालेली, आणि एकीकडचं दुसरीकडे कुणी विचारलेलं नाही. तंबाखू, मिश्री, विडी यातलं काहीही असेल तर तेही सांगा. कुणी रागावलं तरी सांगा.

५. नवरा-बायको एकत्र कधी असतात? मालक ट्रकवर असतात, पुण्याला कामाला असतात, की दसऱ्यानंतर दोघंही ऊसतोडीला जाता? यावरून पुढची सुई कुठे मिळणार, गोळ्यांची किती पाकिटं सोबत न्यायची हे ठरतं.

टप्पा २ : आत्ता दिवस राहिलेले नाहीत ना, हे पक्कं करा

खालीलपैकी एक जरी गोष्ट खरी असेल तर दिवस राहिलेले नसण्याची बऱ्यापैकी खात्री असते :

– पाळी येऊन सात दिवसांपेक्षा जास्त झालेले नाहीत.
– शेवटच्या पाळीनंतर संबंधच आलेला नाही.
– बाळंतपण होऊन चार आठवडेही झालेले नाहीत.
– बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, फक्त अंगावर पितं, आणि पाळी अजून आलेली नाही. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.
– गर्भपात होऊन सात दिवस झालेले नाहीत.
– आधीचं साधन न चुकता, नीट वापरलेलं आहे.

यातलं काहीच लागू नसेल तर लघवीची तपासणी. सरकारी केंद्रात 'निश्चय' किट मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या, पाच मिनिटं थांबून रेघा बघा. पाळीची तारीख उलटायच्या आत तपासणी केली तर 'नाही' असं उत्तर येऊन फसगत होते. ज्यांची पाळी मुळातच मागेपुढे होते, त्यांनी शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी तपासावं.

नेहमीची चूक : "पाळीच आली नाही अजून, मग दिवस कसे राहतील?" बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधी बीज सुटतं. म्हणजे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या कितीतरी जणींनी मधली पाळी पाहिलेलीच नसते.

दुसरी चूक : पाळी आली की साधन सुरू करू म्हणून नुसतं थांबायचं, आणि त्या थांबण्याच्या दिवसांतच दिवस राहायचे. थांबायचं असेल तर तोवर निरोध वापरा.

टप्पा ३ : कुठे जायचं आणि काय मागायचं

निरोध, माला-एन, छाया (आठवड्याची गोळी) आणि तातडीची गोळी आशाताईकडे मिळते. शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आणि प्रसूतिगृहं आहेत, गावात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. जास्त गुंतागुंत असेल, जुना आजार असेल, ऑपरेशन करायचं असेल, तर सिव्हिल. सरकारी ठिकाणी ही सगळी साधनं मोफत असतात.

तिथे गेल्यावर तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, रक्तदाब मोजणं. माला-एन किंवा अंतरा (तीन महिन्यांची सुई) सुरू करण्याआधी तो मोजलाच पाहिजे. दुसरी, आडोसा. चार बायकांसमोर विचारलं तर "सिस्टर, जरा बाजूला बोलू" म्हणा. तिसरी, लेखी कार्ड. कोणतं साधन, कोणत्या तारखेला, पुढची तारीख कोणती.

पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, काही वस्त्यांत उर्दू बोलणाऱ्या बायका येतात. मराठी नीट समजत नसेल तर सोबत एखादी मैत्रीण न्या. सासूला किंवा दहा वर्षांच्या मुलीला मध्ये घालून अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत, आणि अर्धवट समजलेली सूचना न समजलेल्या सूचनेपेक्षा जास्त नुकसान करते.

तपासा : नवऱ्याची सही आणा असं कुणी सांगितलं तर शांतपणे सांगा, की १८ वर्षांवरच्या बाईला गोळ्या, सुई, तांबी (कॉपर-टी) यासाठी नवऱ्याच्या सहीची गरज नसते. नसबंदीसाठीसुद्धा केंद्राच्या नियमांत जोडीदाराची संमती सक्तीची नाही. घरात बोलून ठरवलं तर चांगलंच, पण सही नाही म्हणून परत येऊ नका. लग्न झालेलं नसलं तरी सल्ला आणि साधन मागता येतं.

टप्पा ४ : साधन निवडा, पण शेजारणीचं बघून नाही

शेजारणीला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. स्वतःचा टप्पा १ चा कागद समोर ठेवा.

आधी एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार, काहीच न वापरणाऱ्या १०० जणींपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. नवऱ्याने आयत्या वेळी बाहेर काढून घ्यायचं, या पद्धतीत २०. निरोध जसा लोक प्रत्यक्षात वापरतात, म्हणजे कधी विसरून, कधी उशिरा चढवून, तसा धरला तर १३. रोजच्या गोळ्यांत ७, तीन महिन्यांच्या सुईत ४, तांबीत एकीपेक्षाही कमी. रोज आठवण ठेवावी लागते तिथे माणूस चुकतो, हे या आकड्यांतून सरळ दिसतं.

'सुरक्षित दिवस' मोजणाऱ्या जोडप्यांसाठी एवढंच सांगते : ज्यांची पाळी दर वेळी २६ ते ३२ दिवसांत येते त्यांनाच हे मोजता येतं, आणि पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे बारा दिवस धोक्याचे असतात. बहुतेकजण नेमके हेच मधले दिवस सुरक्षित समजतात. पाळी अनियमित असेल तर या पद्धतीचा नाद सोडा.

बाळ अंगावर पीत असेल तर : सहा महिन्यांपर्यंत माला-एन नको, कारण त्यातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे दूध कमी होऊ शकतं. छायात हार्मोन नसतं, ती चालते. अंतरा सहा आठवड्यांनंतर चालते. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. दवाखान्यात बाळंत होणार असाल तर हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर विचार करायला डोकं नसतं.

रक्तदाब, अर्धशिशी, जास्त वय : रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल, डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकतं, पायात किंवा छातीत रक्ताची गाठ होऊन गेलेली असेल, किंवा पस्तिशी ओलांडली आहे आणि विडी-सिगारेट ओढली जाते, तर माला-एन घेऊ नका. रक्तदाब १६०/१०० पर्यंत गेला असेल तर अंतराही नको. अशा वेळी तांबीचा विचार आधी करावा, असं माझं मत.

वर्षभरात मूल हवं असेल तर : अंतरा घेऊ नका. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. सुईने वांझपण येत नाही, उशीर होतो, आणि हा उशीर आधी माहीत असला तर घरातली भांडणं टळतात.

पाळीत आधीच खूप जात असेल, रक्त कमी असेल तर : तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं. आधी हिमोग्लोबिन तपासा, मग ठरवा.

पीसीओडी, काविळीचा ताजा इतिहास, मूत्रपिंडाचा आजार, टीबी : छाया नको.

मुलं पूर्ण झाली असतील तर : नवऱ्याच्या नसबंदीचा विचार आधी करा. बाईच्या ऑपरेशनात पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत वीसेक मिनिटांचं काम असतं, सुन्न करून केलेलं. त्याने ताकद कमी होत नाही, संबंधातही फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र हे ओझं बाईनेच उचलायचं असं न बोलता ठरलेलं असतं, आणि मला ते मनापासून चूक वाटतं.

सावधान : यातलं निरोध सोडून एकही साधन एचआयव्ही किंवा गुप्तरोगापासून वाचवत नाही. तांबी असो, सुई असो की ऑपरेशन झालेलं असो, धोका असेल तर निरोध वेगळा लागतोच.

टप्पा ५ : सुरुवात आणि वापर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबून वाचा. ज्याला जे साधन लागू आहे तेवढंच वाचलं तरी चालेल.

माला-एन. पाकिटात २८ गोळ्या : २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. पांढऱ्यांत हार्मोन, तपकिरीत लोह. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत कधीही सुरू करा. त्यानंतर सुरू केली तर पहिले सात दिवस निरोधही वापरा. रोज एक, एकाच वेळी. नवरा घरी असो वा नसो. तपकिरी गोळ्या चालू असताना पाळीसारखं रक्त येतं. ते थांबायची वाट बघायची नाही, २८वी गोळी संपली की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट.

तपकिरी गोळ्या फेकून देणाऱ्या आणि "पाळी संपली की नवं पाकीट" म्हणणाऱ्या बायका फार आहेत. मग मधे आठ-दहा दिवसांची फट पडते आणि त्या फटीतच दिवस राहतात. लोहाची गोळी घेण्यात दोन फायदे आहेत : रक्त वाढतं आणि रोजची सवय तुटत नाही.

विसरलात तर : एक पांढरी गोळी राहिली, आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची ठरल्या वेळी, एका दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन किंवा जास्त राहिल्या, तर एक लगेच घ्या, पुढे रोज चालू ठेवा, आणि सात दिवस निरोध. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं असेल तर पांढऱ्या संपल्यावर तपकिरी सोडून थेट नवं पाकीट सुरू करा. तपकिरी राहिली तर काळजी नाही, ती टाकून द्या. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या.

छाया. हिचा घोळ वेगळा आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो वार तुमचा पक्का वार. रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार. सोमवारी तर सोमवार-गुरुवार, मंगळवारी तर मंगळवार-शुक्रवार, बुधवारी तर बुधवार-शनिवार, गुरुवारी तर गुरुवार-रविवार, शुक्रवारी तर शुक्रवार-सोमवार, शनिवारी तर शनिवार-मंगळवार. तीन महिन्यांनंतर फक्त पहिला वार. मधे पाळी आली तरी वार बदलायचा नाही.

ज्यांचे वार मंगळवार-शुक्रवार येतात त्या सहसा विसरत नाहीत, कारण देवीचे वार घरात पाळलेलेच असतात. बाकीच्यांनी कॅलेंडरवर पुढच्या तीन महिन्यांचे गोल एकाच बैठकीत करून टाकावेत. त्या त्या आठवड्याला करू म्हटलं की राहून जातं.

विसरलात तर : आठवताच घ्या, ठरलेले वार तसेच ठेवा, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. छायामुळे पाळी लांबू शकते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर लघवी तपासा.

अंतरा. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेतली तर लगेच संरक्षण. नंतर घेतली तर सात दिवस निरोध. सुई टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. औषध हळूहळू सुटायचं असतं, चोळल्याने ते लवकर पसरतं आणि पुढे संरक्षण कमी पडतं. आपल्याकडे सुई दिली की चोळायची सवय आहे, म्हणून सोबत आलेल्यांनाही सांगून ठेवा.

पुढची सुई बरोबर तीन महिन्यांनी. वारी, गावची यात्रा, ऊसतोड यामुळे जमणार नसेल तर तारखेच्या दोन आठवडे आधीही घेता येते. उशीर झाला तर चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण हा उशीर सवय म्हणून वापरू नका. अंतराचं कार्ड सोबत असेल तर दुसऱ्या गावच्या केंद्रातही पुढची सुई मागता येते. ऊसतोडीला जाताना कार्ड कोयत्याइतकंच जपून न्या.

तांबी. दोन प्रकार सरकारीत मिळतात : ३८०-ए दहा वर्षं, ३७५ पाच वर्षं. कोणती बसवली ते कार्डावर लिहून घ्या, कारण दहा वर्षांनी ते कुणालाच आठवत नाही. अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर आधी उपचार, मग तांबी. बसवल्यावर पाळी झाल्यानंतर एकदा हात स्वच्छ धुऊन बोटाने दोरा लागतो का बघा. दोरा लागला नाही, किंवा टणक टोक लागलं, तर केंद्रात जा, तोवर निरोध. तांबी पिशवीतून निघून वर पोटात, छातीत जात फिरते ही भीती मनातून काढा. घरी स्वतः ओढून काढू नका. काढायची इच्छा झाली तर कधीही, कारण न देता, सिस्टरकडून काढून घेता येते.

निरोध. वाचताना साधं वाटतं, पण चुका इथेही तितक्याच.

१. तारीख बघा. पाकीट दाबून आत हवेचा फुगा लागतो का बघा.
२. दात, नख, कात्री न वापरता हाताने फाडा.
३. संबंधाच्या सुरुवातीलाच चढवा. अर्ध्यातून चढवला तर उपयोग नाही.
४. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग पूर्ण उलगडा. उलटा लावला गेला तर तो टाका, सरळ करून वापरू नका.
५. झाल्यावर लगेच, बुडाशी धरून बाहेर काढा. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

सावधान : खोबरेल, व्हॅसलिन, तूप यांनी रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. एकावर एक दोन लावले तर घर्षणाने फाटतात. आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, ४० अंशांच्या वर पारा असताना, गाडीच्या डिकीत किंवा पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला निरोध भरवशाचा राहत नाही. घरात गार, कोरड्या कपाटात ठेवा.

नसबंदी. पुरुषाची नसबंदी झाल्या दिवसापासून लागू होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्याची तपासणी, त्यात शुक्रजंतू नाहीत असं लिहून मिळालं की झालं. "ऑपरेशन झालं आणि तरी बायकोला दिवस गेले" यावरून घरात संशय उभा राहतो, आणि बऱ्याच वेळा त्याचं कारण हे सोडलेले तीन महिने असतात. हलकं काम दोन दिवसांनी, सायकल आणि जड ओझं एका आठवड्यानंतर. बाईचं ऑपरेशन लगेच लागू होतं, पण नंतर कधीही पाळी चुकली तर दोन आठवड्यांत दाखवा, कारण गर्भ पिशवीऐवजी नळीत राहण्याचा धोका असतो.

टप्पा ६ : पहिले तीन महिने

सगळ्यात जास्त साधनं याच काळात मध्येच सोडली जातात. माला-एनने थोडी मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग पडणं, हे दोन-तीन महिन्यांत कमी होतं. मळमळ असेल तर गोळी जेवल्यावर घ्या. अंतराने पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते. रक्त आत साठत नाही, ते तयारच होत नाही. हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर "पाळी गेली म्हणजे काहीतरी झालं" म्हणून सुई बंद होते.

हे दिसलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना : पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, ताप येऊन ओटीपोटात कळ, वास येणारा स्राव, तासातासाला पॅड बदलावं लागेल इतकं जाणं.

साधन आवडलं नाही तर बदला. पण जुनं सोडायच्या आधी नवं हातात हवं. "थोडे दिवस शरीराला आराम" ही कल्पना चुकीची आहे. शरीराला अशा सुट्टीची गरज नसते, आणि त्या सुट्टीतच दिवस राहतात.

टप्पा ७ : चूक झालीच तर

निरोध फाटला, गोळ्या राहिल्या, किंवा जबरदस्ती झाली. तातडीची गोळी, लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत एकच घ्यायची. पण ७२ तास आहेत म्हणून तिसऱ्या दिवशी घेऊ नका, जितकी लवकर तितकी गुणाची. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही, ती मुख्यतः बीज सुटणं लांबवते. त्या गोळीनंतर पुन्हा संबंध आला तर त्यासाठी तिचा उपयोग नाही. म्हणून त्याच दिवसापासून निरोध. पाच दिवसांपर्यंत तांबी बसवूनही दिवस राहणं टाळता येतं, आणि तो उपाय गोळीपेक्षा खात्रीचा आहे. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर लघवी तपासा.

महिन्यात दोन-तीनदा ही गोळी लागत असेल तर रोजचं साधन बदलायची वेळ आली आहे, टप्पा ४ ला परत या.

दिवस राहिलेच आणि नको असतील तर मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठराविक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो. साधन नापास झालं हे कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे. १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तिथूनच परतताना साधन घेऊन या, कारण सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातानंतर अकरा दिवसांतसुद्धा बीज सुटू शकतं.

एचआयव्हीची भीती असेल तर तेही ७२ तासांतच : सिव्हिलमध्ये जाऊन प्रतिबंधक औषध मागा. तपासणी मोफत आणि गुप्त असते. फोनवर विचारायचं असेल तर १०९७.

टप्पा ८ : गुप्तरोगाचा उपचार एकट्याने घेऊ नका

पांढरं जाणं सगळ्यांनाच थोडंफार असतं. त्याला वास आला, रंग हिरवट-पिवळा झाला, दह्यासारखं येऊन खाज सुटली, लघवीला जळजळ झाली, जांघेत गाठ आली, किंवा जखम झाली, तर दाखवा. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत उपचार मिळतो. औषध संपेपर्यंत घ्या, आणि खाली साबण-डेटॉल लावू नका.

बाई एकटीच औषध घेते, नवरा घेत नाही, आणि पंधरा दिवसांत तोच त्रास परत. लैंगिक संबंधातून येणाऱ्या आजारात दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचा, आणि संपेपर्यंत निरोध. "मला काही होत नाही" हे नवऱ्याचं म्हणणं धरून बसू नका, पुरुषात बऱ्याच वेळा लक्षणं दिसतच नाहीत.

टप्पा ९ : घरात कसं बोलायचं

नवऱ्याशी बोलायची वेळ रात्रीची नाही. जेवण झाल्यावर, मुलं झोपल्यावर, हिशेबाच्या गोष्टी बोलतो तशीच ही गोष्ट काढा : "पुढचं मूल कधी, तोवर काय वापरायचं?" साधनाचं नाव नंतर. सासूबाईंना पटवताना त्यांच्या वेळच्या बाळंतपणांबद्दल विचारा. मला आजवर असं आढळलंय की लागोपाठ पाच-सहा बाळंतपणं काढलेल्या सासूबाई आतून सुनेच्याच बाजूच्या असतात, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं.

मुलांशी बोलायला लग्नापर्यंत थांबू नका. मुलीला पहिली पाळी यायच्या आधी, मुलाला आवाज फुटायच्या सुमारास, साध्या शब्दांत सांगा. त्यांना घरी बोलायला अवघड वाटत असेल तर १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत संबंध हा कायद्याने गुन्हा धरला जातो आणि डॉक्टरला कळवावं लागतं, हे खरं आहे. पण म्हणून उपचार टाळू नका, मुलीची तब्येत आधी. मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाला असेल तर १०९८ वर फोन करा.

मुलाने असं काही विचारलं की ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, तर "असलं विचारू नये" म्हणू नका. "उद्या सिस्टरला विचारून सांगते" म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारून सांगा.